माध्यमांचा डिप्लोमा झाला, आता इतिहासाची पदवी घ्यायची आहे : वाट कुठून जाते?

येरळाकाठ
१४ मे, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. गाव पलूस तालुक्यात. बारावी आर्ट्स झाल्यावर सांगलीत एका खाजगी संस्थेत वर्षभराचा मीडियाचा डिप्लोमा केला. कॅमेरा, एडिटिंग, बातमी लिहिणं, अँकरिंग. गेली दोन वर्षं एका केबल चॅनेलसाठी तालुक्याच्या बातम्या करते.

गेल्या ऑगस्टमध्ये क्रांतिदिनासाठी प्रतिसरकारवर, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारवर, वीस मिनिटांचा कार्यक्रम केला. आमच्याच शिवेवरच्या एका आजींना बोलतं केलं. वय त्र्याण्णव. तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, पोरांना त्या रात्री भाकऱ्या नेऊन द्यायच्या. कार्यक्रम खूप जणांनी पाहिला. निवेदनात मी सुरुवातच अशी केली होती : '१९४३ साली सांगली जिल्ह्यात...' दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावहून एका आजोबांचा फोन आला. चिडले नव्हते. एवढंच म्हणाले, "पोरी, तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं?"

शोधलं तेव्हा कळलं. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे पहिल्याच वाक्यात चूक, आणि ते वाक्य मी आत्मविश्वासाने, कॅमेऱ्यात बघून बोलले होते. त्या रात्री झोप लागली नाही. आपण माणसांच्या तोंडून जे गोळा करतोय ते नीट समजून घ्यायचं असेल तर इतिहास शिकावाच लागेल, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

आता अडचण. डिप्लोमाला प्रवेश घेताना संस्थेत सांगितलं होतं की हा झाला की बीएला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. या आठवड्यात दोन कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आले. दोन्हीकडे मार्कशीट उलटसुलट पाहून परत दिली. माझं ते वर्ष वाया गेलं का? नोकरी सांभाळून इतिहासात बीए कसं करू? ज्यांनी असा मार्ग बदललाय त्यांनी सांगा.

वाईकर
१४ मे, रात्री १०.५५

मार्कशीटवर वर कोणाचं नाव आहे? विद्यापीठाचं की फक्त संस्थेचं? आणि विषयांपुढे 'क्रेडिट' असा रकाना आहे का? ते आधी बघ, बाकीचं मग बोलू.

येरळाकाठ
१४ मे, रात्री ११.०५

फक्त संस्थेचं. क्रेडिटचा रकाना नाही. एकूण गुण आणि श्रेणी आहे.

दप्तरदार_कराड
१५ मे, सकाळी ७.१५

ताई, मी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच प्रवेश आणि एलिजिबिलिटीच्या टेबलावर. कडू वाटेल, पण स्पष्ट लिहितो.

'डिप्लोमा' हा एकच शब्द लोक वेगवेगळ्या गोष्टींना लावतात आणि घोळ तिथेच होतो. तुमचा डिप्लोमा संस्थेने स्वतःच दिलेला आहे. त्यात शिकलेलं खरं आहे, त्यावर तुम्हाला काम मिळालं तेही खरं, पण विद्यापीठाच्या दप्तरात त्याची नोंद नाही. दुसरा डिप्लोमा विद्यापीठाचा असतो, कधी बारावीनंतर तर कधी पदवीनंतर. तिसरा नव्या शैक्षणिक धोरणातला. पदवीला बसलेला विद्यार्थी पहिलं वर्ष करून थांबला तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी थांबला तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. 'डिप्लोमा झाला की पुढच्या वर्षाला घेतात' हे जे तुम्ही ऐकलंत ते या तिसऱ्या डिप्लोमाबद्दल खरं आहे. ज्याने दोन वर्षं इतिहास करून सोडलं, तो तीन वर्षांच्या आत परत येऊन तिसऱ्या वर्षाला बसू शकतो, आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करायची असते. खाजगी संस्थेचा डिप्लोमा त्या दाराने आत येत नाही.

आता क्रेडिट. थिअरीचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. पदवीच्या एका वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस क्रेडिट लागतात. ही सगळी जमा एबीसी नावाच्या खात्यात होते, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ पासून ती सुरू आहे, डिजिलॉकरमधून खातं उघडता येतं, बारा आकडी नंबर मिळतो. पासबुकात एंट्री नसेल तर पैसे भरलेत हे तोंडी सांगून बँक ऐकत नाही. इथे तसंच आहे. क्रेडिट भरण्याचं काम संस्थेचं, आणि तेही ती एबीसीत नोंदलेली असेल तरच.

तेव्हा प्रवेश बारावीच्या मार्कशीटवर, पहिल्या वर्षाला. मध्ये तीन वर्षं गेलीत तर गॅप सर्टिफिकेट लागेल, त्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. टीसी कॉलेजातून आणलाय का? जूनमध्ये त्यासाठी रांग लागते.

वर्ष वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याबद्दल इथले जाणते सांगतील.

आष्टेकर
१५ मे, सकाळी ९.४०

दप्तरदार साहेब, हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी लिहायला पाहिजे होतं. माझ्या धाकट्याच्या बाबतीत हेच झालं. दहावीनंतर त्याला अशाच एका ठिकाणी दोन वर्षांच्या 'मीडिया डिप्लोमा'ला घातला. बारावीच्या बरोबरीचा आहे म्हणून सांगितलं. ऊस गेल्यावर आलेलं बिल त्यात भरलं. आता बीएला कुठेच घेत नाहीत, बारावी नाही म्हणतात. पोरगं घरात गप्प बसून असतंय. पैशापेक्षा त्याची ती दोन वर्षं मला बोचतात.

दप्तरदार_कराड
१५ मे, सकाळी १०.३०

आष्टेकर, पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा. बोर्डाची बारावी खाजगीरीत्या, घरी अभ्यास करून देता येते. फॉर्म जवळच्या ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो, मुदत बोर्डाच्या वेबसाइटवर येते, ती चुकवू नका. आर्ट्सला बसवा, इतिहास, राज्यशास्त्र, मराठी घेऊ द्या. फेब्रुवारीत परीक्षा, जूनमध्ये तो बीएला. एका वर्षाचा प्रश्न आहे, आयुष्याचा नाही. फोनवर बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, मी फॉर्म भरताना सोबत येईन.

आष्टेकर
१५ मे, सकाळी १०.५२

येतो. उपकार झाले.

व्यवहारी_माणूस
१५ मे, दुपारी १.१०

येरळाकाठ, तुझ्या भल्यासाठी विचारतो. हातात कॅमेरा आहे, एडिटिंग येतं, महिन्याला पगार येतो. तीन वर्षं इतिहासात घालवून पुढे काय? माझी पुतणी इतिहासात एमए करून इस्लामपुरात कापड दुकानात हिशोब लिहिते. त्यापेक्षा व्हिडिओ एडिटिंगचा पुढचा कोर्स कर.

मिरजमुक्कामी
१५ मे, दुपारी ३.३०

व्यवहारी, तुमची काळजी रास्त आहे, पण एक बाजू राहिली. पदवी नसेल तर एमपीएससीच्या राज्यसेवेचा फॉर्म भरता येत नाही, यूपीएससीच्या नागरी सेवेचा नाही, दोन वर्षांच्या बीएडला जाता येत नाही. त्या परीक्षांना कुठलीही पदवी चालते, डिप्लोमा चालत नाही. म्हणजे ही मुलगी आज कितीही चांगलं काम करत असली तरी ती सगळी दारं बंद आहेत. पदवी हवीच, मग ती ज्या विषयाची ओढ आहे त्यात का नको?

मी स्वतः हा रस्ता चाललोय. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वार्ताहर होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा होता, तिशी उलटल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. नाशिकचं, १९८९ सालचं विद्यापीठ. अभ्यासकेंद्रं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पुस्तकं मराठीत, संपर्कसत्रं सुट्टीच्या दिवशी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातही इतिहास आहे, पण मला मराठीतून हवं होतं. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्रही विचारून बघण्यासारखं. कुठेही गेलीस तरी तो अभ्यासक्रम या वर्षी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे ना, एवढं बघ.

मुक्त विद्यापीठात मला काय मिळालं नाही तेही सांगतो. वर्गात हात वर करून भांडायला शिक्षक मिळाला नाही. पुस्तक जे म्हणेल ते. नोट्स पाठ करून पेपर छान गेले, पण कागद कसा वाचायचा हे कोणी शिकवलं नाही. ते मी नंतर, उशिरा, दुसऱ्यांच्या मागे लागून शिकलो. तुला कामाची पाळी बदलून मिळत असेल तर रेग्युलर कॉलेजला जा. पंच्याहत्तर टक्के हजेरी जड जाते, पण माणसं मिळतात.

आणि पुढे माध्यमांचं शिक्षण सोडावं लागेल असंही नाही. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरस्थ, असं चालतं. रेग्युलर बीए इतिहास आणि सोबत एखाद्या मुक्त विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी मात्र एकच धर.

वाईकर
१५ मे, सायंकाळी ५.००

मिरजमुक्कामींना अनुमोदन. रेग्युलरला गेलीस तर मेजर म्हणजे मुख्य विषय इतिहास घे आणि मायनर म्हणजे जोडविषय किंवा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीने निवडायचा पेपर, यात पत्रकारिता मिळते का ते विचार. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत नवी रचना २०२४-२५ पासून आली, त्यात मेजर, मायनर, कौशल्याचे पेपर, प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणजे ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट हे सगळं आहे. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक मायनर नसतं. आधी यादी मागून घे, मगच फी भर.

शाहूपुरी_मास्तर
१५ मे, रात्री ९.२५

दिवसभर वर्गात होतो, आत्ता वाचलं. मी साताऱ्यात पदवीच्या मुलांना इतिहास शिकवतो. प्रवेशाचं दप्तरदारांनी सांगितलं, त्यात मी भर घालण्यासारखं काही नाही. मला तुझ्या त्या पहिल्या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आजोबांनी बरोबर पकडलं. पण बाळा, चूक तिथे संपत नाही. 'सांगली'च्या जागी 'सातारा जिल्हा' असं दुरुस्त केलंस तरी ते तुझ्या गावाला लागू होईलच असं नाही. नकाशा काढ. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यातलं, ते ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, त्यामुळे २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार जो तुरुंग फोडून बाहेर पडले तो गणेशदुर्गातला तुरुंग संस्थानचा. आणि कुंडल? ते औंध संस्थानात. जिथे तुफान सेना उभी राहिली ते गाव कागदोपत्री इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हतंच. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आणि त्यांनी १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून कारभार लोकांच्या हाती द्यायला सुरुवात केली होती.

याचा अर्थ लक्षात घे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना लुटला, तो कराड तालुक्यात. पोलीस मागे लागले की माणसं संस्थानच्या हद्दीत शिरायची. इंग्रज पोलिसाला तिथे हवं तसं घुसता येत नसे. तुझ्या आजी रात्री भाकऱ्या घेऊन ज्या शिवेवरून जायच्या ती शीव शेताच्या बांधापेक्षा मोठी असू शकते. दोन राज्यांमधली हद्द असू शकते. भाकरीची गोष्ट तू रेकॉर्ड केलीस. ती भाकरी कोणत्या हद्दीतून कोणत्या हद्दीत गेली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि तो विचारायचा तर आजी हयात असतानाच विचारायला हवा.

म्हणून वर्ष वाया गेलं असं मानू नकोस. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना म्हाताऱ्या माणसासमोर बसवलं तर ती दहा मिनिटांत उठून येतात. गप्प कसं बसायचं, माइक कुठे धरायचा, बोलणाऱ्याला न तोडता प्रश्न कसा पुढे सरकवायचा, हे त्यांना येत नाही. तुला येतं. आमच्या विषयात त्याला मौखिक इतिहास म्हणतात आणि त्याची वेगळी शिस्त आहे. कच्चं रेकॉर्डिंग कधीही पुसायचं नाही, कापलेली प्रत वेगळी ठेवायची. तारीख, जागा, हजर माणसं, बोलणाऱ्याचं जन्मसाल, हे पहिल्या मिनिटातच बोलून घ्यायचं. बोलणाऱ्याची संमती लेखी घ्यायची. तू आत्तापर्यंतचं कच्चं ठेवलं आहेस ना?

येरळाकाठ
१५ मे, रात्री १०.१०

सर, वाचून अंगावर काटा आला. औंधचं मला माहीतच नव्हतं. घरात कोणी बोललं नाही, शाळेत धड्यात नव्हतं. कच्चं आहे, एकूण अकरा जणांचं. चॅनेलची हार्ड डिस्क भरली की पुसायला सांगतात, म्हणून मी माझ्या पैशाने एक डिस्क घेऊन त्यावर उतरवलं होतं.

एक विचारू? आजी 'पत्री सरकार' म्हणतात आणि ठासून सांगतात की फितुरांच्या पायाला पत्रे ठोकायचे. दुसरे एक आजोबा म्हणतात तसं काही नव्हतं, तळपायावर काठीने मारायचे, पत्रे हे विरोधकांनी उठवलेलं. मी कार्यक्रमात दोन्ही कापलं, कारण कोणाचं खरं ते कळेना.

शाहूपुरी_मास्तर
१५ मे, रात्री १०.४०

कापायचं नव्हतं. बातमीत एकाच बाजूने जावं लागतं कारण वेळ दीड मिनिट असते. इथे दोन्ही ठेवायच्या आणि विचारायचं की आजींना हे कोणाकडून कळलं. स्वतः पाहिलं, आईकडून ऐकलं, की नंतर बाजारात? प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' कसं झालं याच्या या दोन्ही कथा फार दिवस चालत आल्या आहेत. अफवा जरी असली तरी ती कोणी, कधी पसरवली आणि लोकांनी का धरून ठेवली, हासुद्धा इतिहास आहे.

आणि डिस्क एकच असेल तर उद्याच्या उद्या दुसरी प्रत कर. दुसऱ्या घरी ठेव. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीत किती घरांतले फोटो आणि कागद चिखल झाले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ओळखीच्या घरी अंगणात दोरीवर लग्नाचे फोटो वाळत घातले होते, त्यावर चेहरेच नव्हते.

मिरजमुक्कामी
१५ मे, रात्री ११.१५

मास्तर, धागा सोन्याचा केलात. येरळाकाठ, माध्यमं आणि इतिहास या दोन वेगळ्या वाटा आहेत असं तुला वाटत असेल तर तुझ्या तालुक्यातच बघ. किर्लोस्करवाडी, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० मध्ये वसलेली, तीही औंधच्याच राजांनी दिलेल्या जागेवर. त्या माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, १९३० मध्ये 'स्त्री', पुढे 'मनोहर'. नांगर करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून मराठी घराघरांत मासिकं जात होती. कराडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये आगरकर जन्मले, ज्यांनी पुढे 'सुधारक' काढला. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, आणि त्यांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केलं. आपल्या भागात वृत्तपत्रांचा इतिहास हा स्वतंत्र विषय होऊ शकतो. तुझ्या दोन्ही शिक्षणांना त्यात जागा आहे.

व्यवहारी_माणूस
१६ मे, सकाळी ८.०५

वाचतोय सगळं. माझा मुद्दा पोटाचा होता आणि तो अजून आहे. पण नोकरी न सोडता करत असेल तर माझी हरकत नाही. पुतणीला हा धागा पाठवला. ती एमएला मोडी लिपी शिकली होती, हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. येरळाकाठ, मोडी कागद आले तर तिला विचार.

दप्तरदार_कराड
१६ मे, सकाळी ९.३०

एक राहिलं. पुढे कधी क्रेडिट दुसरीकडून आणायची वेळ आली तर लक्षात ठेवा, ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथूनच किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात, आणि खात्यात जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतं. मेजरच्या विषयाची क्रेडिट पत्रकारितेने भरून निघत नाहीत. आणि कोणी 'थेट दुसऱ्या वर्षाला' म्हणालं तर तोंडी ऐकू नका, विद्यापीठाचं परिपत्रक दाखवा म्हणा.

येरळाकाठ
२१ जून, रात्री ९.५०

सगळ्यांना कळवायला उशीर झाला. पहिल्या वर्षाला प्रवेश झाला. रेग्युलर, मेजर इतिहास. पत्रकारिता मायनरला नाही मिळाली, पण ओपन इलेक्टिव्हमध्ये माध्यमांचा एक पेपर आहे, तो घेतला. चॅनेलने दुपारनंतरची पाळी दिली, पगार थोडा कमी केला. एबीसीचं खातं उघडलं, अजून रिकामं आहे. अकराही रेकॉर्डिंगची दुसरी प्रत मामाकडे विट्याला ठेवली.

काल आजींकडे परत गेले होते. मास्तरांनी सांगितलं तसं सुरुवातीला तारीख, जागा सगळं बोलून घेतलं. मग विचारलं, "आजी, तुम्ही भाकऱ्या घेऊन ओढा ओलांडायचात, तर पलीकडे कोणाचं राज्य होतं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "पलीकडं सायबाचं. अलीकडं पंतांचं. म्हनून तर मला धाडायचे, पोरगी म्हनून कुनी अडवायचं न्हाई." हे गेल्या वर्षी दीड तास बोलल्या तेव्हा एकदाही निघालं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

शाहूपुरी_मास्तर
२१ जून, रात्री १०.१५

त्या ओढ्याचं नाव विचारलंस का? आणि कुठून ओलांडायच्या, ती जागा त्या चालत येऊन दाखवू शकतील का? पाऊस वाढायच्या आत जा.

येरळाकाठ
२१ जून, रात्री १०.२२

नाव विचारलंय. रविवारी नातू त्यांना गाडीवरून आणणार आहे.